खाच आहे का?

पहिल्या ठोशात दाजींचा एक दात गेला, दुसऱ्यात त्याच्या शेजारचा. तिसऱ्या ठोशाला खाटकाच्या बोटाचं नख तुटलं, म्हणून पुढचं काम त्याने पायाने केलं.

कत्तलखान्यात जेवणाची सुट्टी होती. कामगार बाहेर डबे उघडून बसले होते. आत सात मेंढे आकड्यांना उलटे टांगलेले होते आणि फरशीच्या उतारावरून रक्त मोरीकडे निवांत चाललं होतं. त्यात आता थोडं दाजींचंही होतं.

"दाजी, उठा," खाटीक म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला अरेतुरे करायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

दाजी उठले. ते इथलेच तपासनीस, रब्बींनी म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूंनी नेमलेले. दाजींनी सुरी तपासायची आणि मग खाटकाने कापायचं, ज्यूंच्या नियमाप्रमाणे. असं अकरा वर्षं चाललं होतं.

"ताईचा हात दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरला म्हणाली, जिन्यावरून पडले. तुमचं घर तळमजल्यावर आहे, दाजी."

दाजींनी तोंडातलं थुंकलं. "मी कुठे नाही म्हणतोय? पण जरा डोकं चालव. देवाला सगळं आधीपासून माहीत असतं. मान्य?"

"मान्य."

"म्हणजे जग केलं त्या आठवड्यातच त्याला माहीत होतं, मंगळवारी संध्याकाळी माझा हात उठणार. त्याला माहीत होतं, म्हणजे टळणार नव्हतं. मी हात आवरला असता तर देव खोटा पडला असता. देवाला खोटं पाडू मी? सांग ना."

खाटकाने खरोखरच विचार केला. मग दाजींच्या पोटात गुडघा घातला, केस धरून त्यांना ओट्यावर उताणं पाडलं आणि भिंतीवरची लांब सुरी काढली.

"हेही त्याला माहीत असणार," तो म्हणाला. "मी तरी त्याला खोटं कशाला पाडू?"

"अरे, अक्कल आहे का?" दाजी किंचाळले. "माझे खूर दुभंगलेले नाहीत! मी रवंथ करत नाही! खायला चालणाऱ्या जनावरांच्या नियमात मी बसतच नाही!"

"खाणार कोण आहे तुम्हाला?"

त्याने छातीवर गुडघा रोवला. बरगडीतून काहीतरी कडकन वाजलं. हनुवटी धरून त्याने मान मागे ताणली; शीर टरारून वर आली. सुरी गळ्यापर्यंत गेली आणि बोटभर अंतरावर थांबली.

सुरी तपासलेली नव्हती.

धारेला केसाएवढी जरी खाच असली तरी कातडी कापली जात नाही, फाटते. जिवाला यातना होतात. म्हणून धारेच्या तिन्ही अंगांवरून आधी नख आणि मग बोटाचं मांस फिरवायचं, जाऊन-येऊन बारा वेळा. खाटकाने आजवर साधी कोंबडीसुद्धा न तपासलेल्या सुरीने कापली नव्हती. राग आपल्या जागी होता.

त्याने धारेला बोट लावलं. नख अर्धं नव्हतं आणि बोट सुजून टम्म झालं होतं. काहीच कळेना.

"जरा बघा," त्याने सुरी दाजींच्या हातात दिली. "खाच आहे का?"

दाजींनी सवयीने घेतली आणि सवयीने नख फिरवायला लागले. चौथ्या फेरीला दोघांच्याही लक्षात आलं की सुरी आता कोणाच्या हातात आहे. खाटकाचा गळा वीतभर अंतरावर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजींनी पाचवी फेरी केली, सहावी केली. मध्येच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

बारा झाल्या. धार काचेसारखी गुळगुळीत होती.

"काय?" खाटीक म्हणाला. गुडघा त्याने काढला नव्हता.

दाजींनी फुटलेला ओठ चाटला. जगात बाकी कशाबद्दलही ते खोटं बोलत, पण सुरीबद्दल कधी बोलले नव्हते. त्यांनी सुरीवाला हात उंच उचलला. खाटकाने डोळे मिटले.

सुरी खण्णकन ओट्याच्या लोखंडी कडेवर आदळली. ठिणगी उडाली.

दाजींनी धारेवरून पुन्हा नख फिरवलं. "आहे," ते म्हणाले.

खाटकाने डोळे उघडले. "कोणी पाडली?"

"कोणी म्हणजे? तुझ्यासमोर पाडली ना मी."

"तुम्ही?"

"मग काय देवाने? माझाच हात आहे, मीच उचल..."

दाजींनी आपल्याच हाताकडे पाहिलं.

खाटकाने ते पाहिलं. मग त्याने गुडघा काढला, सुरी घेतली आणि खाच उजेडात धरून पाहिली.

"तास तरी लागेल," तो म्हणाला आणि कोपऱ्यातल्या दगडापाशी जाऊन धार काढायला बसला. दाजींकडे त्याची पाठ होती. दाराला कडी नव्हती.

दाजी बरगडी धरून दारापर्यंत गेले. बाहेर ऊन होतं. कोणीतरी कसलातरी विनोद सांगत होतं आणि कामगार खिदळत होते. दाजी उंबऱ्यावर बराच वेळ उभे राहिले. मग ते परत आले, खाटकाशेजारी उकिडवे बसले आणि दगड कोरडा पडू नये म्हणून ओंजळीने थोडं थोडं पाणी सोडू लागले.