चहाचा दंड

"मला नाही बाई जमायचं," मी मराठीत म्हणाले आणि चहा करायला उठले. आमच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात तोच दंड होता. जो मराठी बोलेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. इंग्रजी बोलण्यापेक्षा मला चहा परवडायचा.

"बसा," कार्व्हालो मॅडम चक्क मराठीत म्हणाल्या. "सोमवारी हॉटेलात मुलाखत आहे ना तुमची? आता मीही मराठी बोलले. आज दंड माझा."

त्यांनी थंड दुधात चहा पावडर ओतली. वर आल्याचा अख्खा तुकडा, न ठेचताच. माझा जीव कासावीस झाला. उकळी यायच्या आधीच त्या गॅस बंद करायला निघाल्या, तेव्हा मात्र राहवलं नाही.

"नो मॅडम, नो! फर्स्ट बॉइल वॉटर! देन जिंजर, शुगर, टी! मिल्क लास्ट! गिव्ह मी, आय विल मेक!"

मागे टाळ्या वाजल्या, तेव्हा कळलं आपण काय बोललो ते.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मॅडमच्या घरी गेले. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

इतका फक्कड चहा मला अजूनही जमत नाही.