क्रेडिट

सुदानमध्ये सैनिक गावंच्या गावं जाळत सुटले, तेव्हा अमेरिकेत बेलव्ह्यूला नोकरी करणाऱ्या इद्रीसने तिथल्या आपल्या गावात घरोघरी जपलेल्या जुन्या अरबी हस्तलिखितांचे फोटो मागवून घेतले. ऑफिसातल्या नीलांबरीने त्यांची वेबसाइट हौसेने करून दिली.

"मालकांची नावं राहू दे," तो म्हणाला होता.

"असं कसं? ज्यांनी जपलं त्यांना क्रेडिट नको?" म्हणत तिने प्रत्येक फोटोखाली नाव टाकलं, नकाशावर घरही दाखवलं. पहिलं घर इद्रीसच्या आईचं.

आज तिने त्याला बोलावून स्क्रीन दाखवली. "बघ, सकाळपासून तुझ्या गावातूनच किती जण साइट बघतायत."

इद्रीस स्क्रीनकडे वाकला.



"गावातलं नेट कधीच तोडलंय. ते आता फक्त सैनिकांकडे आहे."