काठोकाठ पेला

गाडीपाशी भांडून कामशात कझाखस्तानातल्या मंगिस्ताउ भागाचा उघडाबोडका डोंगर तरातरा चढली. नवरा, दौलेत, मागोमाग आला. वर पोचल्यावर तिने थर्मासातल्या चहाने त्याचा पेला मुद्दाम काठोकाठ भरला. कझाखांकडे चहा अर्धाच ओततात. काठोकाठ भरला की समजायचं, निघा आता.

"हाकलतेस होय गं?" दौलेत हसला. कित्येक वर्षांनी हसला. चहा संपवून वळणाआड गेला.

ती खाली उतरली. दौलेत गाडीत बसला होता. त्याच्या बुटांना धूळसुद्धा नव्हती.

"कधी आलास खाली?"

"मी वर आलोच कधी?" त्याने दुर्बीण बाजूला ठेवली. "तुझ्याजवळ बसून एवढं हसत चहा कोण पीत होतं?"

उत्तराची वाट न बघता त्याने तिच्याच थर्मासातून तिचा पेला काठोकाठ भरला.