सुतळीची गाठ

नवा पंप बसवूनही शॉवर नुसता ठिबकत होता. तीन आठवडे गुरुशांतनं जाळी घासली, पंपातली हवा काढली, दोन प्लंबर बोलावून पाहिले. आज वैतागून गच्चीवर चढला, तर टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आणि त्यावर सुतळीची गाठ. "अप्पा, हे कुणी केलं?" "मीच की," मागोमाग आलेले वडील म्हणाले. "नळाला पाणी पाचव्या दिवशी येतंय, आन् तुझा पंप दोन दिवसांत टाकी पिऊन टाकंल. आज चौथा दिवस हाय." "मग आधी सांगायचं नाही का?" "तू विचारलास कुटं?" गुरुशांतनं दातओठ खात सुतळी तोडली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि तरातरा बाथरूममध्ये शिरला. शॉवर धबाधबा कोसळला. त्यानं डोक्याला साबण चोळला आणि पाणी संपलं. डोळे झोंबत होते. बाहेरून कडी वाजली. "मोटर बंद कर, जळंल. सुतळी तोडलास तवाच बादली भरून ठेवलोय."