अर्धं पाऊल

“आता बघ हं. माझ्या बरोबर मागं येऊन उभी राहते,” म्हातारा नट म्हणाला आणि त्यानं लेकीचा हात घट्ट धरला.

भर दुपारची वेळ. चित्रपटगृहात ही दोघंच, आणि वरच्या खोलीत यंत्रवाला. सगळ्यांनी आशा सोडलेला एक जुना बोलपट कुठल्याशा गोदामात सापडला होता. त्यातलं एकच रीळ शाबूत होतं.

“बाबा, मी खरंच तिच्यासारखी दिसते?”

“अगं, आता स्वतःच बघशील की!”

लेक पन्नाशीची. आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती, आणि पुढच्याच वर्षी घराला आग लागून होते नव्हते तेवढे फोटो गेले. उरलं होतं ते या रिळात. नवऱ्याचा डबा द्यायला म्हणून आई एकदा स्टुडिओत आली होती. कोर्टाच्या दृश्यात गर्दी कमी पडत होती. दिग्दर्शक म्हणाला, “वहिनी, तुम्हीही उभ्या राहा जरा.” राहिली बिचारी.

म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात नायकाचं काम केलं नाही. आधी नाटकात, मग बोलपटात, कधी कारकून, कधी दरवान, कधी डॉक्टर. वाट्याला वाक्यं दोन. पण पठ्ठ्याकडं एक विद्या होती. ऐन वाक्याला तो अर्धं पाऊल पुढं टाकायचा. प्रकाश थेट तोंडावर. मागचा गेला झाकला. नायक मंडळी शिव्या घालायची, आणि बाहेर पडताना लोक विचारायचे, तो कारकून कोण हो? त्या अर्ध्या पावलावर त्यानं चाळीस वर्षं संसार ओढला, एकट्यानं लेक वाढवली. त्याचा त्याला केवढा अभिमान होता!

पडदा उजळला. न्यायाधीश, वकील, गर्दी. पुढं कारकुनाच्या वेषात हाच, तरणाबांड. त्याच्या खांद्यामागं वाट काढत एक बाई आली. मान खाली. आधी केस दिसले, मग कपाळ. ती मान वर करू लागली. लेक खुर्चीच्या टोकावर आली.

कारकुनानं वाक्य म्हटलं आणि अर्धं पाऊल पुढं टाकलं. मग शेवटपर्यंत तिथंच उभा राहिला. रीळ संपलं.

“बाबा, आई कुठंय?”

बोलपट लागला तेव्हा म्हाताऱ्यानं तो सात वेळा पाहिला होता. सातही वेळा फक्त स्वतःला. मागं कोण दिसतं, कोण नाही, हे बघायला त्याला फुरसत कुठं होती?

“पुन्हा लावा हो!” तो वर बघून ओरडला. “एकदाच!”

यंत्रवाल्यानं पुन्हा लावलं. केस दिसले. कपाळ दिसलं. म्हातारा काठी टाकून उठला, धडपडत पडद्यापाशी गेला आणि त्या तरण्या नटापुढं त्यानं हात जोडले.

“थांब रे बाबा. आज नको. पोरीला आईचं तोंड बघू दे.”

तरण्या नटानं वाक्य म्हटलं आणि अर्धं पाऊल पुढं टाकलं.