टाउन हॉलची पायरी

"आता मान वर करा आणि कमान बघा," इयरफोनमधून नवरा सांगत होता. मंदाताईंनी वर पाहिलंच नाही. फोर्टच्या फुटपाथवर त्या समोरून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड निरखत होत्या.

सकाळी दार सताड उघडं दिसलं आणि हे घरात नव्हते. हल्ली यांना घरातली मोरी सापडत नसे. पण या जुन्या इमारती यांनी जन्मभर लोकांना हिंडवून दाखवल्या होत्या. कुणालाही एकट्याने फिरता यावं म्हणून सगळा रस्ता स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवला होता. पाय नेतील तर इथेच, एवढ्याच आशेवर त्या निघाल्या होत्या. कारंजं झालं, चर्च झालं, बाग झाली. हे कुठेच नव्हते.

"समोर टाउन हॉल," आवाज म्हणाला, आणि मध्येच त्यांचा स्वतःचाच तरुण आवाज घुसला, "अहो, पाय मोडले माझे!"

"बरं, बस पायरीवर. हलू नकोस. चहा आणतो."

एवढा तुकडा यांनी कधी पुसू दिला नव्हता. मंदाताई धावतच सुटल्या.

ते पायरीपाशीच उभे होते. पायांत दोन वेगळ्या चपला, हातांत चहाचे दोन कप, चेहरा रडवेला.

"बाई, माझी बायको इथे बसली होती हो. पाहिलीत का?"

मंदाताई पायरीवर बसल्या. चहासाठी हात पुढे केला.

त्यांनी कप मागे घेतला.

"नाही हो. हा तिचा आहे."