अर्धा स्वर खाली

“सिग्रिडच असणार. दुसरं कोण?” लिनेटनं फोन टेबलावर टाकला. फोनमध्ये सूर मोजायची सोय होती. गेले तीन सोमवार गाणं संपताना सूर लिहिलेल्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली भरत होता.

सरावाआधी तिघी चर्चच्या तळघरात बसल्या होत्या. बायकांच्या बार्बरशॉप कोरसचा सगळा कारभार या तिघींच्या डोक्यावर, आणि तोही बिनपगारी. लिनेट शरदात आलेली नवी दिग्दर्शिका. इर्मा गाण्याआधी छोटासा पिच पाइप फुंकून सगळ्यांना सूर द्यायची. वर्ना टेनरांची, म्हणजे सगळ्यात वरचा सूर लावणाऱ्या सात जणींची, प्रमुख. साथीला पियानो नाही की पेटी नाही. चार आवाज एकमेकांना धरून चालतात. त्यामुळे एकीचा सूर उतरला की बाकीच्याही तिच्यामागं घसरतात.

सिग्रिड ऐंशीला टेकलेली, टेनरांत सगळ्यात म्हातारी. नवरा गेल्यापासून गाडी बाहेर काढायची ती या सरावापुरतीच. बर्फ असो, वादळ असो, बाई हजर. येताना डब्यात बटर टार्टही घेऊन यायची.

“विनिपेगची स्पर्धा तोंडावर आलीये,” लिनेट म्हणाली. “तिला उभं करता येणार नाही. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?”

“मी सांगते,” वर्ना म्हणाली. “मध्यंतरानंतर बाजूला घेते तिला. गोड बोलून सांगते.”

“राहू दे ना गं,” इर्मा पुटपुटली. “एवढी स्पर्धा होऊन जाऊ दे.”

“तू फार मऊ आहेस, इर्मा. वय झालं की माणसानं थांबावं. त्यात लाज कसली?”

वर्ना स्वतः काही कोवळी नव्हती, अडुसष्ट पुरी झाली होती. पण गाण्याच्या शेवटचा उंच सूर अजून तिच्या गळ्यातून लोण्यातल्या सुरीसारखा निघायचा. अलीकडं तर पूर्वीपेक्षा सहज निघायचा, आणि ही गोष्ट ती चारचौघींत ऐकवल्याशिवाय राहायची नाही.

सांगायचं ठरलं खरं. पण वर्नाला एक खोड होती. कुठलीही गोष्ट उकलून पाहिल्याशिवाय तिच्या जिवाला स्वस्थता नसे. घरचा टोस्टर तिनं असाच खोलून पाहिला होता, आणि तो पुन्हा कधी चालला नाही. सिग्रिड नेमकी कोणत्या ओळीला घसरते, हे तिला कळायला हवं होतं. म्हणून पहिल्याच गाण्याला तिनं सातही जणींना आपापला आवाज टिपायला फोन छातीशी धरून गायला लावलं, आणि टिपलेलं सगळं स्वतःच्या फोनवर मागवून घेतलं. त्यामुळं प्रत्येकीचा आवाज सुटा ऐकता येणार होता.

मध्यंतर झालं. बाकीच्या कॉफीकडं वळल्या. वर्ना कोट टांगायच्या खोलीत शिरली, ओल्या कोटांच्या गर्दीत टेकली आणि तिनं आधी सिग्रिडचा आवाज कानाला लावला.

आवाज बारीक होता, जरा कापराही होता. पण घसरत नव्हता. पहिल्या ओळीला जिथं होता तिथंच शेवटच्या ओळीला. वर्नानं दुसरीचा लावला, मग तिसरीचा. कुणीच घसरत नव्हतं. मग पाणी मुरतंय कुठं? तेव्हा तिनं आजवर कुणीच न केलेली गोष्ट केली. शेवटचा सूर सोडून पहिला फोनवर मोजला.

पहिलाच सूर अर्धा स्वर खाली होता.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी, तिच्या मनात आलं. तिनं इर्माला हाक मारली. इर्मा हातात कप घेऊन आत आली.

“तुझा पाइप बिघडलाय का गं?”

“नाही.”

“मग तू मुद्दाम आम्हाला खालचा सूर देतेस?”

इर्मानं कॉफीकडं पाहिलं.

“मूग गिळून काय उभी आहेस? सिग्रिडसाठीच ना? अगं, एका म्हातारीला सांभाळायला तू अख्खा कोरस खाली ओढलास?”

इर्मानं कप खिडकीत ठेवला. खिशातून पाइप काढला, चकती फिरवली आणि फुंकला. लिहिलेला, खरा सूर.

“गा,” ती म्हणाली. “शेवटची ओळ.”

वर्ना गायली. हजारदा गायलेली ओळ. वरच्या सुराशी आली आणि तिचा आवाज फाटला. तिनं घसा खाकरला, पाठ ताठ केली, पुन्हा गायली. या वेळी सूर लागलाच नाही. दाराबाहेर कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. वर्नाचे कान तापले. एवढी लाज तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“झाली दोनेक वर्षं.”

“आणि तू मला बोलली नाहीस.”

“शब्द दिला होता. मघाशी सिग्रिडचं नाव निघालं तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं, पण दिलेला शब्द मोडवेना.”

“शब्द? कुणाला?”

“सिग्रिडला. माझा कान कुठला एवढा तिखट? तिनंच येऊन सांगितलं. म्हणाली, ‘वर्नाचा वरचा सूर फाटायला लागलाय, तू आपली अर्धा स्वर खाली देत जा. तिला थांब म्हणायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही. सोमवारचा सराव गेला तर ती बाई करील काय?’”